पात्म ते लावदिकीया: सात मंडळ्यांच्या वाटेवर आठ दिवस

बायबलच्या शेवटच्या पुस्तकावर, प्रकटीकरणावर, बोलायला उभे राहिलेले बहुतेक जण थेट चौथ्या अध्यायात शिरतात. शिक्के, कर्णे, वाट्या, श्वापद, हर्मगिदोन. पहिले तीन अध्याय म्हणजे पत्त्याचा मजकूर समजून ओलांडले जातात. पण द्वितीयागमनाविषयी, म्हणजे आपल्या पुन्हा येण्याविषयी, प्रभू येशू स्वतः प्रथमपुरुषी जे बोलतो, त्यातले बरेचसे याच तीन अध्यायांत आहे. सात गावांतल्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समाजांना, त्याने पात्म बेटावर योहानाकरवी लिहविलेल्या सात पत्रांपैकी सहांत त्याच्या येण्याचा उल्लेख आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा सूर निराळा आहे. तो का निराळा, हे त्या त्या गावात उभे राहिले की नीट कळते.

ही गावे आज पश्चिम तुर्कस्तानात आहेत आणि पात्म बेट ग्रीसमध्ये. पत्रांचा क्रमही मनचा नाही. इफिसहून उत्तरेला स्मुर्णा आणि पर्गम, तिथून आग्नेयेला वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि शेवटी लावदिकीया, असा तो घोड्याच्या नालासारखा रस्ता आहे. निरोप्या बंदरावर उतरून ज्या वाटेने जाईल तीच ही वाट, असे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅम्से यांनी १९०४ साली मांडले. प्रवासही त्याच क्रमाने करावा. बहुतेक सहली सोयीसाठी उलटसुलट फिरवतात, त्यात पत्रांचा चढता सूर हरवतो.

निघण्याआधी थोडे व्यवहाराचे. ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो, तुर्कस्तानचा वेगळा. भारतीय पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा हवा असेल, तर शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना हातात लागतो आणि तो तुर्कस्तानात शिरण्याच्या दिवशीही वैध असावा लागतो. परतीचे विमान अथेन्सहून असेल तर शेंगेन एकाहून अधिक प्रवेशांचा घ्या. ही चूक फार जणांना भोवते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा चांगला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या दगडांवर पारा ३५ अंशांच्या वर जातो आणि सावली जवळपास नसते. ग्रीसमध्ये युरो, तुर्कस्तानात लिरा. दोल्मुश नावाच्या छोट्या बसगाड्यांसाठी सुटे लिरा खिशात ठेवा. म्युझियम पास घेतला तर त्याची मुदत पहिल्या प्रवेशापासून दिवसांत मोजली जाते, म्हणून तो इफिसच्या दारात सुरू करावा, आधी नाही.

आणि पवित्र शास्त्र छापील घ्या. पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनातला आशीर्वाद मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना आहे. एकेक पत्र वाचायला दोन-तीन मिनिटे लागतात. ते त्या त्या जागी उभे राहून एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

दिवस १: पात्म

बेटावर विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून रात्रीची बोट निघते आणि पहाटेच्या आत स्काला बंदरात सोडते. उतरल्यावर लगेच चढाई करण्यात अर्थ नाही, कारण गुहा आणि मठ सकाळीच उघडतात. दुपारनंतरच्या वेळा वारानुसार बदलतात. स्कालाहून वर खोरा गावाकडे जुनी फरसबंद पायवाट जाते. साधारण निम्म्या वाटेवर प्रकटीकरणाची गुहा लागते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत फोटो काढू देत नाहीत.

गुहा आता छोट्या देवळाच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की उजेड एकदम कमी होतो. छताच्या खडकाला एक भेग आहे आणि ती तीन फाट्यांत फुटली आहे. परंपरा सांगते की वाणी तिथून आली आणि तीन फाटे त्रैक्याचे. भिंतीत जमिनीलगत एक खोबण आहे, कडेला चांदीची पट्टी. तिथे योहान डोके टेकत असे असे म्हणतात. हे सारे परंपरेचे आहे. शास्त्र एवढेच सांगते की तो देवाच्या वचनामुळे व येशूविषयीच्या साक्षीमुळे पात्म नावाच्या बेटात होता.

योहान इथे खाणीत राबत होता हे प्रवचनांत नेहमी ऐकू येते. त्याला मजकुरात आधार नाही. बेट ओसाडही नव्हते. जुन्या कोरीव लेखांतून इथे व्यायामशाळा आणि अर्तमी देवीचे देऊळ असल्याचे दिसते. रोमी शिक्षेत माणसाला बेटावर नेऊन ठेवणे हा एक प्रकारच होता. शिक्षा समुद्राची असे. खोराच्या उंचीवरून चारही बाजूंना पाणी दिसते, पूर्वेकडे आशियाचा डोंगरी काठ धूसर दिसतो, आणि ज्यांची काळजी वाटते ती माणसे त्या काठापलीकडे. मग २१व्या अध्यायातले 'समुद्रही राहिला नाही' हे शब्द कसे आले असतील ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मठ १०८८ मध्ये ख्रिस्तोदुलोस या साधूने बांधायला घेतला. सम्राट अलेक्सिओस पहिला याने बेट त्याला दिले. बाहेरून तो किल्लाच आहे, कारण चाचे यायचे. संग्रहालयात जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या हस्तलिखिताची पाने आहेत. त्यातल्या मार्कच्या शुभवर्तमानाची ३३ पाने या मठाकडे आहेत. तिथे किमान अर्धा तास द्या.

दिवस २: समुद्र ओलांडणे

पात्महून सामोस, सामोसहून तुर्कस्तानातले कुशादासी. बेत बिघडतो तो इथेच. सामोसवर वाथी आणि पिथागोरिओ अशी दोन वेगळी बंदरे आहेत. पात्मची बोट एका बंदरात लावते आणि तुर्कस्तानची दुसऱ्यातून सुटू शकते. तिकिटावर बंदराचे नाव वाचा आणि मधे किमान तीन तास ठेवा. उन्हाळ्यात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटला की जलद बोटी रद्द होतात. हिवाळ्यात कुशादासीची फेरी बहुधा नसते. कुशादासीहून सेल्चुक २० किमीच्या आसपास, दोल्मुशने. मुक्काम सेल्चुकलाच करावा, कुशादासीला नाही. सकाळी दार उघडताच इफिसला पोहोचता येते.

दिवस ३: इफिस

वरच्या दाराने आत जावे आणि उतारावरून खालच्या दाराने बाहेर पडावे. तीन तास धरा. क्रूझच्या बसगाड्या मध्यावर येतात, म्हणून पहिला तास सोन्याचा.

या साऱ्या प्रवासात एक प्रश्न हाताशी ठेवावा: योहानाच्या वेळी यातले काय उभे होते? ल्योंचा बिशप इरेनियस याने लिहून ठेवले आहे की हे दर्शन रोमी सम्राट दोमितियानाच्या राज्याच्या शेवटी झाले, म्हणजे इ.स. ९५च्या सुमारास. ते धरून चालले की सगळे फोटो जिथे निघतात ते केल्ससचे ग्रंथालय बाद होते. ते २ऱ्या शतकातले. थिएटर मात्र होते. सुमारे २५,००० माणसांचे हे थिएटर प्रेषितांच्या कृत्यांच्या १९व्या अध्यायातले. देमेत्रिय सोनाराच्या दंगलीत 'इफिसकरांची अर्तमी थोर' हा ओरडा इथेच दोन तास चालला.

बहुतेक वाटाडे ज्याच्यासमोरून न थांबता पुढे जातात ते दोमितियानाचे देऊळ नीट पाहा. वरच्या चौकालगत, उंच चौथऱ्यावर, दोन-तीन खांब पुन्हा उभे केलेले. ते इ.स. ८९-९० मध्ये अर्पण झाले, म्हणजे पत्र आले तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचे. प्रांतातल्या अनेक शहरांनी मिळून अर्पणलेख कोरले. दोमितियानाचा खून झाल्यावर, ९६ साली, त्याची स्मृती पुसण्याचा हुकूम निघाला आणि त्या लेखांतून त्याचे नाव छिन्नीने खरवडून त्या जागी दुसरे घातले गेले. इथे सापडलेल्या प्रचंड पुतळ्याचे डोके इझमीरच्या संग्रहालयात आहे. १३व्या अध्यायातली श्वापदाची मूर्ती आणि तिला नमन न करणाऱ्यांची अवस्था ही इफिसच्या वाचकाला दूरच्या भविष्यातली गोष्ट वाटली नसेल. ती त्याच्या रोजच्या वाटेवर उभी होती. म्हणून भविष्याचा अर्थ रद्द होतो असे नाही. ज्यांना पत्र आले त्यांना त्यातले श्वापद ओळखता येत होते, एवढे मात्र पक्के.

आता थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवर बसून पत्र वाचा. पहिली प्रीती सोडलीस, पश्चात्ताप कर, नाहीतर मी तुझ्याकडे येऊन तुझी समई तिच्या ठिकाणाहून काढीन. 'नाहीतर' या शब्दावर बोट ठेवा. हे येणे अटीवर आहे. पश्चात्ताप झाला तर ते टळते. द्वितीयागमन कुणाच्या पश्चात्तापाने टळत नाही. म्हणजे या पत्रांत दोन प्रकारचे येणे आहे: एका मंडळीला शासन करायला येणे आणि सर्व डोळ्यांना दिसेल असे शेवटचे येणे. हा फरक न करता सगळी वचने एका माळेत ओवली की भविष्यवाणीचे तक्ते चुकायला लागतात.

समोर सरळ जाणारा संगमरवरी रस्ता बंदराकडे जातो. टोकाला बंदर नाही. पाणथळ गवत आहे. कायस्टर नदीच्या गाळाने बंदर भरत गेले आणि आज समुद्र कित्येक किमी दूर आहे. शहर जागचे हलले. लोक आयासुलुक टेकडीकडे सरकले, जिथे आज सेल्चुक आहे. त्या टेकडीवर युस्तिनियानाने ६व्या शतकात बांधलेले संत योहानाचे मोठे मंदिर आहे, मधोमध योहानाची मानली जाणारी कबर. संध्याकाळ तिथे घालवा. खाली अर्तमीच्या देवळाचा, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाचा, एकच रचून उभा केलेला खांब दिसतो.

दिवस ४: स्मुर्णा

स्मुर्णा म्हणजे आजचे इझमीर. सेल्चुकहून तिथे रेल्वे आहे. बास्माने स्थानकावर उतरले की प्राचीन चौक चालत गाठता येतो. तो इ.स. १७८च्या भूकंपानंतर मार्कस ऑरेलियसच्या मदतीने पुन्हा बांधलेला आहे, म्हणजे कमानी योहानानंतरच्या. तळघरात उतरा. कमानींच्या रांगा, गिलाव्यावर खरडलेली जुनी चित्रे आणि अक्षरे, आणि अजून वाहते पाणी.

सात पत्रांत दोघांनाच दोष दिलेला नाही: स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. आणि स्मुर्णाच्या पत्रात 'मी येतो' हे शब्दच नाहीत. ज्यांना तुरुंग आणि मरण समोर दिसते आहे त्यांना तो येण्याची तारीख सांगत नाही, आपण मेला होता व जिवंत झाला एवढे सांगतो. 'मरेपर्यंत तू विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन.'

पत्रानंतर साधारण ६० वर्षांनी इथला बिशप पॉलिकार्प याला जाळण्यात आले. कैसराची, म्हणजे रोमी सम्राटाची, शपथ घे म्हटल्यावर, ८६ वर्षे ज्याची सेवा केली त्याने माझे काही वाईट केले नाही, असे त्याचे उत्तर होते. त्याच्या नावाचे चर्च गावात आहे, १७व्या शतकातले. ते सगळ्या वेळी उघडे नसते, आधी विचारून जावे.

योहानाचा शिष्य मानल्या गेलेल्या याच पॉलिकार्पचे बोलणे इरेनियसने लहानपणी ऐकले होते, म्हणून त्याचा शब्द वजनाचा. श्वापदाच्या नावाच्या ६६६ या आकड्याविषयी तो काय म्हणतो ते आजच्या प्रत्येक हिशेबी माणसाने वाचावे. त्याच्या काळीच काही प्रतींत ६१६ आकडा होता. तो ६६६ बरोबर धरतो. मग दोन-तीन नावे जुळवून दाखवतो आणि सांगतो की नाव आताच कळणे गरजेचे असते तर ज्याने दर्शन पाहिले त्यानेच ते सांगितले असते. योहानापासून दोनच माणसांच्या अंतरावरचा हा माणूस नाव घ्यायला नकार देतो. बारकोड, लसी आणि चिप यांच्यावर तो आकडा चिकटवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दिवस ५: पर्गम

इझमीरच्या उत्तरेला १०० किमीहून थोडे जास्त, आजचे बेर्गामा. अलिआगापर्यंत उपनगरी रेल्वे आणि पुढे बस, किंवा मुख्य ओतोगारवरून (बसतळावरून) थेट बस. बेर्गामाचा बसतळ गावाबाहेर आहे. गावात जाणारी गाडी लगेच धरा. पाहण्याच्या जागा तीन आणि एकमेकींपासून लांब: डोंगरावरचा बालेकिल्ला, गावातले लाल मंदिर, पलीकडे आरोग्यदेव अस्क्लेपियसचे आरोग्यस्थान. बालेकिल्ला सकाळी आधी करा. वर केबल कार जाते. परतताना वेळ असेल तर प्राचीन उतारावरून चालत या. पायाखाली खडी घसरते, चांगले बूट हवेत.

'सैतानाचे आसन जेथे आहे' ते कोणते? वाटाडे झ्यूसच्या वेदीचा चौथरा दाखवतात. दोन-तीन झाडे, पायऱ्यांचे अवशेष, एवढेच उरले आहे; १८७८ पासून कार्ल हुमान यांनी केलेल्या उत्खननातले शिल्पपट बर्लिनला गेले. वेदी योहानाच्या वेळी होती आणि लांबून सिंहासनासारखी दिसत असणार, म्हणून हा अर्थ लोकप्रिय आहे. दुसरे लोक अस्क्लेपियसच्या सापाकडे बोट दाखवतात. तिसरा अर्थ सम्राटपूजेचा: इ.स.पू. २९ मध्ये सम्राट औगुस्त आणि रोमा देवी यांचे देऊळ बांधण्याचा मान प्रांतात पर्गमला मिळाला.

तिसराच अर्थ सर्वांत भक्कम वाटतो. पत्राच्या त्याच वचनात अंतिपा या विश्वासू साक्षीदाराच्या वधाचा उल्लेख आहे. झ्यूसला किंवा अस्क्लेपियसला न मानल्याबद्दल सहसा जीव जात नसे. कैसराला नाकारले की जाई. आणि प्रभू स्वतःची ओळख दुधारी तलवारवाला अशी करून देतो, म्हणजे तलवारीचा अधिकार असलेल्या राज्यपालासमोरच. एक सावधगिरी: वर पांढऱ्या संगमरवराचे जे देखणे देऊळ दिसते ते सम्राट ट्रायनचे आहे, योहानानंतरचे. औगुस्ताच्या देवळाची जागा अजून सापडलेली नाही.

थिएटर इतके उभे आहे की पहिल्या ओळीकडे बघताना कठड्याची सवय करून घ्यावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच पाहावे. तिथे बसून पत्र वाचा. इथले येणे पुन्हा 'नाहीतर'चे: लवकर येऊन माझ्या तोंडातल्या तलवारीने त्यांच्याशी लढेन. सर्वनाम बघा, 'तुझ्याकडे' येईन पण 'त्यांच्याशी' लढेन. मंडळी मारली जाणार नाही. तिच्यात बलामाचे, म्हणजे मूर्तीला वाहिलेले खायला मोकळीक देणारे, शिक्षण धरून बसलेल्यांशी लढा आहे.

लाल मंदिर मिसरी देवतांचे, २ऱ्या शतकातले, नंतर आत चर्च झाले. त्याच्या आवाराखालून नदी दोन बोगद्यांतून वाहते. अर्धा तास पुरे.

दिवस ६: थुवतीरा आणि सार्दीस

आजच्या दिवसापुरती गाडी भाड्याने घ्या. सार्वजनिक वाहनाने दोन्ही गावे एका दिवसात होतात, पण दमछाक होते आणि वाटेतली एक महत्त्वाची गोष्ट दिसत नाही.

थुवतीरा म्हणजे अखिसार. गावाच्या ऐन मध्यात एक कुंपण घातलेला चौकोन, आत पडलेले खांब, एका मोठ्या इमारतीच्या भिंती, चारही बाजूंना दुकाने आणि वाहने. चाळीस मिनिटांत संपते. सातांतल्या या लहानशा गावाला सर्वांत लांब पत्र का, हे दगडांवरच्या लेखांतून कळते. रंगारी, कासार, चांभार, कुंभार, विणकर अशा धंद्यांच्या संघांचे लेख इथे भरपूर सापडले आहेत. जांभळ्या वस्त्रांची व्यापारीण लुदिया इथलीच. संघात राहायचे तर संघाच्या देवतेचे जेवण चुकत नसे आणि संघाबाहेर धंदा नव्हता. पत्रात ईजबेल म्हणून जिला म्हटले आहे ती 'जेवायला काय हरकत आहे' असे शिकवत असणार. इथे येण्याचा सूर बदलतो: जे तुमच्याजवळ आहे ते मी येईपर्यंत दृढ धरा. 'नाहीतर' नाही. हे शेवटचे येणे आहे, आणि तोवर करायचे काम धरून राहण्याचे.

अखिसारहून सार्दीसला जाताना महामार्ग सोडून गोलमार्मारावरून जा. वाटेत मैदानावर मातीचे डोंगर दिसू लागतात, एक, दोन, मग डझनांनी. हे बिन तेपे, लुदिया नावाच्या जुन्या राज्याच्या राजांच्या आणि सरदारांच्या कबरींचे ढीग, शंभराहून जास्त. अलियात्तेस राजाचा ढीग साडेतीनशे मीटर रुंद आहे. निरोप्या थुवतीराहून सार्दीसला आला तो हे पाहतच आला. मग पत्र उघडले: तू जिवंत आहेस असे तुझे नाव आहे, पण तू मेलेला आहेस.

सार्दीसचे (आजचे सार्त) अवशेष दोन ठिकाणी आहेत. महामार्गालगत व्यायामशाळेचा उभारलेला दर्शनी भाग आणि शेजारी प्राचीन जगातल्या सर्वांत मोठ्या सभास्थानांपैकी एक. ते १९६२ मध्ये सापडले. दोन्ही योहानानंतरची. पाक्तोलस ओढ्याच्या काठाने एक किमीच्या आसपास वर गेले की अर्तमीचे देऊळ लागते; दोन खांब अजून पूर्ण उंचीचे, आणि कोपऱ्यात पाठीला चिकटून ४थ्या शतकातले छोटे चर्च. २०२५ मध्ये सार्दीस आणि बिन तेपे जागतिक वारशाच्या यादीत आले.

देवळातून मागे बघा. किल्ल्याचा कडा सरळ उभा, पण दगडाचा नाही. माती आणि गोटे घट्ट बसलेला, पावसाने चिरा पडलेला. पायऱ्यांसारखे खाचे त्यातच तयार होतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची कथा अशी की वेढा पडला असताना वरच्या एका सैनिकाचे शिरस्त्राण खाली गडगडले, तो कड्यावरून उतरून ते घेऊन परत चढला आणि खालच्या एका शिपायाने ते पाहिले. कडा अवघड म्हणून तिथे पहाराच नव्हता. वेढा घालणाऱ्या पारसी राजा कोरेशाची माणसे तिथून चढली, इ.स.पू. ५४६च्या सुमारास. इ.स.पू. २१४च्या सुमारास अंतियोख तिसरा याच्या सैन्यानेही शहर असेच, बिनपहाऱ्याच्या जागेवरून घेतले. दोनदा तीच चूक. 'तू जागृत झाला नाहीस तर मी चोरासारखा येईन' हे वाक्य सार्दीसच्या माणसाला शाळेत शिकलेल्या इतिहासासारखे ओळखीचे वाटले असणार. चोरासारखे येणे म्हणजे गुपचूप येऊन कुणाला न कळता घेऊन जाणे, असा अर्थ लावतात. इथल्या मातीत त्याचा अर्थ दुसरा आहे: पहारा नसलेल्या बाजूने. कड्यावर चढायचा मोह टाळा, गोटे सुटतात.

मुक्काम सालिहलीला.

दिवस ७: फिलदेल्फिया

पाऊण-एक तासावर अलाशेहिर. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे. हंगामात मनुके उन्हात पसरलेले असतात. पाहायला एकच जागा: संत योहानाच्या मंदिराचे विटांचे अवाढव्य खांब. छत नाही, भिंती नाहीत, नुसते खांब.

इथेच थांबून पत्रातले अभिवचन वाचा: जो विजय मिळवतो त्याला मी माझ्या देवाच्या मंदिरातील स्तंभ करीन, तो तेथून कधी बाहेर जाणार नाही. इ.स. १७च्या भूकंपाने हे गाव हादरले आणि नंतरही धक्के येत राहिले. भूगोलकार स्त्राबो लिहितो की भिंतींना तडे जात असल्याने पुष्कळ लोक गावाबाहेर शेतात राहत. सतत घराबाहेर पळावे लागणाऱ्यांना 'कधी बाहेर जाणार नाही' हे अभिवचन दिले आहे. हे खांब योहानानंतर कित्येक शतकांनी उभारलेले, तरी त्यांच्याखाली उभे राहून ते शब्द ऐकले की घसा दाटतो.

येण्याचे सर्वांत निर्भेळ वाक्य इथे आहे: मी लवकर येतो. धमकी नाही, अट नाही. त्याच्या आधीचे वचन मात्र मोठ्या वादाचे. 'परीक्षाप्रसंगापासून मी तुला राखीन' याचा अर्थ शेवटच्या काळातल्या महासंकटापूर्वी मंडळी उचलली जाईल असा एक पक्ष लावतो. मूळ ग्रीक शब्दजोडी 'तेरेओ एक' नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते, योहान १७:१५ मध्ये, आणि तिथे प्रभू स्पष्ट म्हणतो की त्यांना जगातून काढून घ्यावे अशी माझी विनंती नाही, तर वाइटापासून राखावे. एका वचनावर पूर्ण तक्ता उभा करणाऱ्यांनी दुसरेही शेजारी ठेवावे.

इथून पूर्वेला उशाक प्रांतात पेपुझाची जागा २००० साली ओळखली गेली. २ऱ्या शतकात स्वतःला संदेष्टे म्हणवणाऱ्या मोंतानुस, प्रिस्किल्ला आणि माक्सिमिल्ला यांच्या अनुयायांनी नवे यरुशलेम तिथेच उतरणार असे धरले होते. माक्सिमिल्ला सांगत असे की आपल्यानंतर संदेष्टा नाही, शेवटच. फिलदेल्फियाच्या पत्रातही नवे यरुशलेम स्वर्गातून उतरते असे लिहिले आहे. कुठे, ते लिहिलेले नाही. पेपुझाला वेगळा दिवस, वाटाड्या आणि गाडी लागते. आठ दिवसांत बसत नाही.

दुपारनंतर देनिझलीकडे, शंभरेक किमी.

दिवस ८: लावदिकीया, आणि पलीकडे हिरापली

देनिझली ओतोगारच्या खालच्या मजल्यावरून पामुक्कलेचे दोल्मुश सुटते. लाओदिकेया फाट्यावर उतरवायला सांगा. तिथून किमी-दीड किमी चालणे. आवार प्रचंड आहे: दोन थिएटर, स्तंभांचा रस्ता, लांबलचक शर्यतीचे मैदान, आणि २०१० मध्ये सापडलेले ४थ्या शतकातले चर्च, ज्याच्या जोत्यावरची नक्षीदार फरशी वरच्या काचेच्या मार्गावरून पाहता येते. अडीच तास ठेवा.

दक्षिण बाजूला पाण्याच्या मनोऱ्याकडे जा. इथे पाणी लांबच्या झऱ्यांवरून, मधली दरी दाबाने ओलांडणाऱ्या दगडी नळांतून येई. चौकोनी दगड, मधे आरपार भोक, एकाला दुसरा जोडलेला. काहींना वरून आणखी एक छिद्र. नळाच्या तोंडाशी वाकून पाहा: भोकाच्या आत चुन्याची पुटे चढली आहेत, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी, एकात एक, आणि पाणी जायला उरलेली वाट फार तर निम्मी. चुना साचतो, नळ चोंदतो, दाब वाढून सांधा फुटतो. मातीच्या नळांचीही तीच गत.

'तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस.' हे नेहमी असे समजावतात की उष्ण म्हणजे आवेशी, शीत म्हणजे अविश्वासी. मग प्रभू 'तू शीत असतास तर बरे' असे का म्हणेल? समोर उत्तरेला हिरापलीची, आजच्या पामुक्कलेची, पांढरी उतरण दिसते. तिथले झरे ३५ अंशांचे, अंग शेकायला उपयोगी. पूर्वेला कलस्सै, डोंगराचे गार पाणी, तहान भागवणारे. दोन्ही पाणी कामाचे. नळांतून येणारे हे चुनखडीचे पाणी ना गार ना गरम. आरोप आवेशाच्या मापाचा नाही, निरुपयोगीपणाचा आहे.

इ.स. ६०च्या भूकंपानंतर लावदिकीयाने रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने शहर उभारले, असे रोमी इतिहासकार ताकितुस नोंदवतो. 'मला काही उणे नाही' हे म्हणणे पोकळ नव्हते, खरेच होते. म्हणूनच ते घातक. काही शिक्षक सात मंडळ्यांना इतिहासाची सात युगे मानतात आणि आपला काळ लावदिकीयाचा ठरवतात. ही मांडणी मजकुरात नाही; शिवाय तिच्यामुळे स्मुर्णाचे पत्र 'झालेल्या काळाचे' ठरते, आणि आजही जे तुरुंगात आहेत त्यांच्याकडून ते हिरावले जाते. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'मंडळ्यांना' असे अनेकवचन आहे. सातही पत्रे सातांनी ऐकायची होती.

येण्याचे शेवटचे रूप इथे: मी दाराशी उभा आहे. येणारा येऊन पोहोचला आहे आणि बाहेर थांबला आहे, स्वतःच्या मंडळीच्या दाराबाहेर.

परत फाट्यावर येऊन काराहायितचे दोल्मुश घ्या आणि पामुक्कले गावात न उतरता हिरापलीच्या उत्तर दाराशी उतरा. बहुतेक लोक खालून अनवाणी पांढऱ्या उतरणीने चढतात. तुम्ही उत्तरेकडून शिरा, प्राचीन प्रवाशासारखे. वाटेत कबरी लागतात, हजाराहून जास्त, रस्त्याच्या दोन्ही कडांना: दगडी पेट्या, घुमट्या, घरासारख्या खोल्या. त्यानंतर तीन कमानींची वेस येते, दोन बाजूंना गोल बुरूज. ही राज्यपाल फ्रोंतिनुसने इ.स. ८०च्या दशकात दोमितियानाच्या नावे बांधली, म्हणजे योहानाची पत्रे फिरली तेव्हा तिचा चुना नवा होता.

१ थेस्सलनीकाकरांस ४:१५-१७ इथे काढा. तिथे मूळ ग्रीकमध्ये प्रभूच्या येण्याला 'पारूसिया' शब्द आहे. राजा किंवा सम्राट शहराला भेट द्यायला येई त्यालाही हाच शब्द. आणि आपण त्याला 'सामोरे' जाऊ याला 'आपान्तेसिस'. हा शब्द नव्या करारात आणखी दोन ठिकाणी आहे: दहा कुमारी वराला सामोऱ्या निघतात तिथे, आणि रोममधले बंधू पौलाला भेटायला रस्त्यावर येतात तिथे. पौलाला भेटून ते त्याच्यासोबत शहरातच परतले. पाहुण्याला वेशीबाहेर जाऊन भेटायचे आणि वाजतगाजत आत आणायचे, अशी ती रीत होती.

वेशीच्या आतल्या बाजूला उभे राहून उत्तरेकडे पाहा. राजा त्या रस्त्याने येत असेल, तर नागरिक वेशीबाहेर पडण्याआधी तो कुणापाशी पोहोचतो? कबरींपाशी. दोन किमीपर्यंत दोन्ही कडांना मेलेलेच आहेत, जिवंतांची ओळ त्यांच्या मागे. 'ख्रिस्तामध्ये जे मेलेले आहेत ते प्रथम उठतील.' काही शवपेट्यांवर क्रूस कोरलेले आहेत. उन्हं तिरपी झाली की ते जास्त स्पष्ट दिसतात, म्हणून ही वाट संध्याकाळच्या आधीच्या तासात चाला. उत्तर दाराहून देनिझलीची शेवटची गाडी किती वाजता, ते उतरतानाच चालकाला विचारून ठेवा.